शांताबाई दाणी : सहा वर्षांची आमदारकी, आयुष्यभराची चळवळ

महानगरपालिकेची निवडणूक जवळ आली की आमच्या चिकलठाण्यात एक चर्चा हमखास सुरू होते. जागा महिलेसाठी राखीव निघाली तर उभे कोणाला करायचे? उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते. ज्या कार्यकर्त्याने तयारी केली होती त्याची पत्नी, नाहीतर आई, नाहीतर भावजय. बॅनरवर फोटो तिचा आणि मोबाईल नंबर त्याचा. बौद्ध वस्त्यांमध्येही चित्र फार वेगळे नसते. विहारात वंदनेला बायका जास्त, जयंतीच्या वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्या बायका जास्त, मोर्च्यात उन्हात बसणाऱ्याही बायकाच जास्त. पण निर्णयाची बैठक बसली की त्यांच्यासाठी महिला आघाडी नावाचा एक वेगळा कोपरा ठेवलेला असतो.

आंबेडकरी चळवळीत बाईचे स्थान पहिल्यापासून असेच होते, असे कोणी म्हणत असेल तर त्याला एका बाईचे आयुष्य दाखवावे लागेल. नाशिकच्या शांताबाई दाणी. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या आणि पुढे रिपब्लिकन पक्षाच्या त्या आघाडीच्या नेत्या. १९६८ ते १९७४ अशी सहा वर्षे त्या महाराष्ट्र विधान परिषदेच्या सदस्य होत्या. चळवळीत मात्र त्या त्याच्या पंचवीस वर्षे आधीपासून होत्या आणि आमदारकी संपल्यावरही कामातच राहिल्या. त्यांना जाऊन आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. नव्या मुलींना त्यांचे नाव क्वचितच माहीत असते. म्हणून आज त्यांच्याविषयी.

खडकाळीतले घर

शांताबाईंचा जन्म नाशिकमधल्या खडकाळी या वस्तीत झाला. पहिले महायुद्ध नुकतेच संपलेले होते. घर महार समाजाचे, गरिबीचे. वडिलांचे नाव धनाजी, आईचे कुंदाबाई. त्या काळात अशा घरातली मुलगी शाळेत जाणे ही साधी गोष्ट नव्हती. मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की धाकटी भावंडे सांभाळायची, पाणी भरायचे, शेण-गवऱ्या करायच्या आणि लवकरच सासरी जायचे, हा शिरस्ता होता. दाणींच्या घरात तो मोडला गेला. लेकीने शिकलेच पाहिजे, हा हट्ट आईचा होता. कुंदाबाई स्वतः शाळेचे तोंड पाहिलेल्या नव्हत्या, पण शिक्षणावाचून या दैन्यातून सुटका नाही हे त्यांना कळलेले होते. पुढे शांताबाईंनी मनमाडला विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला तेव्हा त्याला आईचेच नाव दिले.

जात म्हणजे काय, हे शांताबाईंना लहानपणीच कळले. वडिलांबरोबर त्या एकदा त्यांच्या ओळखीच्या माणसाच्या घरी जेवायला गेल्या होत्या. बापलेकीला घरात न घेता गोठ्यात बसवले गेले आणि तिथेच वाढले गेले. ओळख होती, आमंत्रण होते, आणि तरीही जागा जनावरांशेजारी होती. लहान मुलीला पडलेला प्रश्न सरळ होता आणि बापाकडे त्याचे उत्तर एकच होते, ते म्हणजे आपली जात. हा प्रसंग शांताबाई आयुष्यभर विसरल्या नाहीत.

नाशिक हे तेव्हा तीर्थक्षेत्र म्हणून देशभर प्रसिद्ध होते. याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसे खेड्यापाड्यांतून आली. त्यात स्त्रियाही होत्या. त्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्या तुरुंगात गेल्या. सत्याग्रह सुमारे पाच वर्षे चालला आणि मंदिराचे दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली. सत्याग्रह सुरू झाला तेव्हा शांताबाई अकरा-बारा वर्षांच्या होत्या आणि येवल्याच्या घोषणेपर्यंत वयात आल्या. ज्या पिढीने दगडाच्या देवाच्या दारात पाच वर्षे उभे राहून पाहिले आणि मग पाठ फिरवली, त्या पिढीच्या त्या होत्या.

या सत्याग्रहातून नाशिकला एक मोठा नेता मिळाला. भाऊराव कृष्णराव गायकवाड, म्हणजेच कर्मवीर दादासाहेब गायकवाड. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब काळाराम सत्याग्रहाचे प्रमुख संघटक होते आणि शेवटपर्यंत बाबासाहेबांचे अत्यंत विश्वासू सहकारी राहिले. शांताबाईंच्या राजकीय आयुष्याची घडण दादासाहेबांच्या कामातून झाली.

शिक्षिका व्हायची ती संघटक झाली

शाळा संपल्यावर शांताबाई पुण्याला महिला ट्रेनिंग कॉलेजात गेल्या आणि शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. पुढे नाशिकच्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात त्यांनी शिक्षण सुरू ठेवले. अस्पृश्य समाजातली मुलगी महाविद्यालयात, हीच त्या दिवसांत बातमी होती. त्यांना शिक्षिकेची सुरक्षित नोकरी धरून बसता आले असते. पगार, मान आणि थोडी स्थिरता मिळाली असती. त्यांनी चळवळ निवडली.

तो काळही तसाच होता. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली आणि तिथेच शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली. त्याच मंडपात २० जुलैला महिलांची स्वतंत्र परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. हजारो स्त्रिया जमल्या होत्या आणि बाबासाहेब त्यांच्याशी बोलले. त्या परिषदेचे ठराव आज वाचले तर नवल वाटते. स्त्रीला घटस्फोटाचा हक्क हवा, एकाहून अधिक बायका करण्याला बंदी हवी, गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना रजा आणि भरपाई हवी, मुलींसाठी वसतिगृहे हवीत. आणि कायदेमंडळांत व स्थानिक संस्थांत दलित स्त्रियांसाठी जागा हव्यात. हा ठराव १९४२ चा आहे. स्थानिक संस्थांतले महिला आरक्षण घटनादुरुस्तीने यायला त्यानंतर पन्नास वर्षे लागली. लोकसभा आणि विधानसभेतल्या महिला आरक्षणाचा कायदा झाला तो २०२३ साली.

शांताबाई फेडरेशनच्या कामात उतरल्या त्या याच वातावरणात. त्यांनी संघटनेच्या चिटणीसपदाची जबाबदारी घेतली. ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. त्या केवळ महिला शाखेच्या पदाधिकारी नव्हत्या. गावोगावची पत्रे, सभांच्या तारखा, सभासदांची नोंद, जिल्ह्यातल्या तक्रारी घेऊन मामलेदार कचेरीच्या पायऱ्या चढणे, हे चिटणीसाचे काम असते. त्यात टाळ्या नसतात. पण संघटना उभी राहते ती यावर. शांताबाईंनी हे काम वर्षानुवर्षे केले. पुरुष कार्यकर्त्यांच्या बरोबरीने खेड्यापाड्यांत फिरल्या आणि महारवाड्यांत सभा घेतल्या.

त्या अविवाहित राहिल्या. आज हे वाक्य सहज लिहिता येते. १९४०च्या दशकात लग्न न केलेली तरुण बाई पुरुषांबरोबर दौरे करते, रात्री परगावी मुक्कामाला राहते, याचा अर्थ लोक आपापल्या परीने लावत. शांताबाईंच्या वाट्यालाही ते आले. त्यांनी लोकांच्या तोंडाला हात लावला नाही आणि कामही थांबवले नाही.

१९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत फेडरेशनला मोठा धक्का बसला. पुणे कराराने दोन टप्प्यांची मतदानपद्धत आली होती. पहिल्या टप्प्यात फक्त अस्पृश्य मतदार उमेदवारांची निवड करत आणि दुसऱ्या टप्प्यात सगळे मतदार मिळून त्यांतून एकाला निवडून देत. पहिल्या फेरीत फेडरेशनचे उमेदवार ठिकठिकाणी पुढे असत आणि दुसऱ्या फेरीत सवर्णांच्या मतांवर पडत. देशातल्या दीडशेच्या घरातल्या राखीव जागांपैकी फेडरेशनच्या हाती आल्या फक्त दोन. समाजाने ज्याला आपला म्हटले तो पडतो आणि इतरांनी पसंत केलेला त्याचा प्रतिनिधी म्हणून बसतो, हा अन्याय जगापुढे मांडण्यासाठी फेडरेशनने त्याच वर्षी पुणे आणि नागपूर येथे सत्याग्रह केला. शांताबाई त्यात सहभागी झाल्या. प्रतिनिधित्व या शब्दाचा अर्थ त्यांच्या पिढीला असा रस्त्यावर आणि तुरुंगात कळला.

भाकरी, जमीन आणि धम्म

१९५१ साली हिंदू कोड बिल रखडवले गेले आणि बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. हे सगळे सहा वर्षांत घडले. शांताबाईंसारख्या कार्यकर्त्यांपुढे तेव्हा दोन प्रश्न होते. नव्याने बौद्ध झालेल्या लाखो माणसांचा धम्म टिकवायचा कसा? आणि त्यांच्या पोटाचे काय?

धर्मांतरानंतर गावकीची कामे सोडली गेली. मेलेली ढोरे ओढणे बंद झाले, येसकरपाळीची भाकर बंद झाली. ते योग्यच होते. पण त्याबरोबर जगण्याचा जुना आधारही सुटला. मुंबई राज्यात महार वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. वतनाची जमीन परत नावावर करून घ्यायची तर सरकारात पैसे भरावे लागत. गावात बहिष्कार पडला की मजुरीही बंद होई. अशा वेळी स्वाभिमानाने जगायचे तर हाताशी जमिनीचा तुकडा हवा, हे दादासाहेब गायकवाडांनी ओळखले.

आमच्या मराठवाड्याला हा प्रश्न आधीपासून माहीत होता. निजामाचे राज्य जाऊन फार वर्षे झाली नव्हती. देशमुख-पाटलांकडे शेकडो एकर आणि दलित वस्तीकडे पाय ठेवायलाही जागा नाही, अशी गावे कितीतरी होती. गावाच्या कडेला सरकारी गायरान पडून असे. १९५३ सालीच मराठवाड्यात भूमिहीनांनी गायरानासाठी सत्याग्रह केला होता. १९५९ साली दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली हीच मागणी घेऊन नाशिक, खानदेश, अहमदनगर आणि मराठवाड्यात मोठा लढा उभा राहिला. पडीक जमिनीत नांगर घालायचा, अटक करवून घ्यायची, तुरुंग भरायचे. हजारो लोक तुरुंगात गेले. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारला जमीन वाटपाचे आश्वासन द्यावे लागले.

या लढ्यात शांताबाई अग्रभागी होत्या आणि तुरुंगातही गेल्या. त्यांच्या कामाचे महत्त्व कळायचे तर सत्याग्रहाला बाई जाते म्हणजे काय होते, हे समजून घ्यावे लागते. पुरुष तुरुंगात गेला तर घर बाई सांभाळते. बाई तुरुंगात गेली तर घरी कोण? अंगावर पिणारे मूल कोणाकडे ठेवायचे? अनेक बायका मुलांना कडेवर घेऊनच तुरुंगात गेल्या. रोजंदारीवर जगणारी, अक्षर न ओळखणारी, पोलिसाला पाहून एरवी दार लावणारी बाई आपणहून गाडीत चढते, तेव्हा तिच्याशी आधी कोणीतरी चुलीपाशी बसून बोललेले असते. हे बोलणे पुरुष नेत्याला जमण्यासारखे नव्हते. शांताबाईंना ते जमत होते, कारण त्यांचे घर त्याच वस्तीतले होते.

दुसरा मोठा भूमिहीनांचा सत्याग्रह ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर झाला. तीन लाखांहून अधिक सत्याग्रहींनी अटक करवून घेतली. स्वतंत्र भारतातल्या सर्वांत मोठ्या सत्याग्रहांत त्याची गणना होते. शालेय पुस्तकांत त्याला जागा नाही. मागण्यांची यादी आजही वाचण्यासारखी आहे. कसेल त्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, धान्याचे योग्य वाटप, बौद्धांना सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र. तैलचित्र आणि बौद्धांना केंद्रातल्या सवलती, या दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात आल्या त्या १९९० साली. म्हणजे सत्याग्रहानंतर पंचवीस वर्षांनी, दादासाहेबांच्या निधनालाही अठरा वर्षे होऊन गेल्यावर.

आणि गायरानाचा प्रश्न? तो आजही मिटलेला नाही. राज्य सरकारने १९७८ आणि १९९१ साली निर्णय काढून भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. १९९१ च्या निर्णयात १४ एप्रिल १९९० ही मर्यादा धरली गेली. पण गावोगावी सातबाऱ्यावर नाव चढलेच असे नाही. कोणाकडे पीकपेऱ्याची नोंद नाही, कोणाकडे फक्त दंड भरल्याच्या जुन्या पावत्या आहेत आणि त्याच पावत्या ताब्याचा पुरावा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या आहेत. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरची अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा निघाल्या तेव्हा मराठवाड्यातल्या कितीतरी बौद्ध वस्त्यांची झोप उडाली. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कामाला आलेल्या आमच्या अनेक घरांची मुळे अशाच गावांत आहेत. त्यामुळे शांताबाईंचा हा लढा आम्हाला इतिहासाचे प्रकरण वाटत नाही. तो आमच्या कागदपत्रांच्या पिशवीतला विषय आहे.

सभागृहातली सहा वर्षे

१९६८ साली शांताबाई विधान परिषदेवर गेल्या आणि १९७४ पर्यंत सदस्य राहिल्या. विधान परिषद हे राज्याचे वरिष्ठ सभागृह. तिथला सदस्य थेट लोकांच्या मतांवर येत नाही. आमदार, स्थानिक संस्था, पदवीधर आणि शिक्षक यांच्या मतदारसंघांतून किंवा राज्यपालांच्या नियुक्तीने तो येतो आणि सहा वर्षे राहतो. खडकाळीच्या मुलीने या सभागृहात बसणे ही समाजासाठी अभिमानाची गोष्ट होती, यात शंका नाही.

पण त्यांच्या आयुष्याकडे पाहिले तर आमदारकी हा त्यातला एक टप्पा दिसतो, शिखर नव्हे. त्या सभागृहात गेल्या तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. दोन भूमिहीन सत्याग्रह, तुरुंगवास, फेडरेशनचे आणि पक्षाचे काम, हे सगळे त्याआधीच झालेले होते. त्यांच्याकडे पद आले ते कामाच्या मागून. आज पद आधी येते आणि काम नंतर शोधावे लागते.

त्यांची ही सहा वर्षे महाराष्ट्रासाठी आणि चळवळीसाठी कठीण होती. २९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गायकवाड गेले. १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्यातल्या माणसाला त्या दुष्काळाविषयी वेगळे सांगायला नको. खडी फोडायला गेलेल्या आयाबाया आणि सुकडीवर काढलेले दिवस आमच्या घरांत अजून आठवले जातात. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तरुणांचा जुन्या नेतृत्वावर राग होता आणि त्याला कारणेही होती. रिपब्लिकन पक्ष स्थापनेनंतर दोनच वर्षांत फुटला होता आणि पुढे फुटतच गेला. शांताबाई दादासाहेबांच्या गटात राहिल्या. ज्या पक्षासाठी तुरुंग भोगला त्याचे तुकडे होताना त्यांना पाहावे लागले. हळूहळू त्या सत्तेच्या राजकारणापासून दूर झाल्या.

येथे आम्हाला थोडे थांबून बोलायचे आहे. गटबाजीविषयी आपल्याकडे भरपूर बोलले जाते, पण गटबाजीची किंमत कोण देते याविषयी कमी. पक्ष फुटला की पुरुष नेत्याला दुसरा गट मिळतो, दुसरे अध्यक्षपद मिळते. गावातल्या ज्या बायकांनी पोर कडेवर घेऊन तुरुंग पाहिला, त्यांना कोणीच काही विचारत नाही. त्यांची संघटना मात्र गेलेली असते. शांताबाईंसारखी बाई सक्रिय राजकारणातून बाजूला होते तेव्हा एक व्यक्ती कमी होत नाही. तिच्या मागे चुलीपाशी बसून झालेल्या शेकडो संवादांची साखळी तुटते. रिपब्लिकन ऐक्याच्या बैठका आजवर कितीतरी झाल्या. त्या बैठकांच्या छायाचित्रांत बायका शोधून पाहाव्यात.

शाळेची घंटा

राजकारण सुटले तरी शांताबाईंचे काम सुटले नाही. आईने ज्या गोष्टीसाठी हट्ट धरला होता, तिच्याकडे त्या वळल्या. खरे तर त्या तिच्यापासून कधी लांब गेल्याच नव्हत्या. नाशिकमध्ये रमाबाई आंबेडकरांच्या नावाने मुलींचे विद्यालय, नाशिकरोडला तक्षशिला विद्यालय, मनमाडला आईच्या नावाचा विद्यार्थी आश्रम. नावे पाहिली तरी त्यांचा विचार कळतो. एक नाव गोवऱ्या थापून संसार रेटणाऱ्या रमाईचे, एक प्राचीन बौद्ध विद्यापीठाचे आणि एक शाळा न पाहिलेल्या स्वतःच्या आईचे.

वसतिगृह चालवणे म्हणजे काय, हे आमच्या शहराला चांगले ठाऊक आहे. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. नागसेनवनातल्या वसतिगृहांत मराठवाड्याच्या खेड्यांतली मुले राहिली, एका ताटात दोघे जेवली आणि शिकून बाहेर पडली. खेड्यातल्या मुलासाठी शाळा पुरत नाही, त्याला राहायला छप्पर आणि दोन वेळचे जेवण लागते. मुलीसाठी तर त्याहून जास्त लागते. आपली मुलगी तिथे सुरक्षित आहे, असा आईबापांना भरवसा लागतो. तो भरवसा इमारत देत नाही, तिथली बाई देते. शांताबाईंनी नाशिक भागात हा भरवसा मिळवला. महिन्याचा किराणा, अनुदानाची फाईल, आजारी पडलेली मुलगी, फी न भरलेली मुलगी, हे प्रश्न शाळा आणि वसतिगृह चालवणाऱ्याची पाठ सोडत नाहीत. विधान परिषदेच्या बाकावर बसलेल्या बाईने ते खालच्या दर्जाचे मानले नाहीत.

महाराष्ट्र शासनाने १९८७ साली त्यांना सावित्रीबाई फुले पुरस्कार दिला. १९९० साली त्यांचे आत्मकथन रात्रंदिन आम्हा या नावाने पुस्तकरूपात आले. त्याचे शब्दांकन भावना भार्गवे यांनी केले. दलित आत्मकथनांची चर्चा होते तेव्हा पुरुष लेखकांची नावे आधी घेतली जातात. स्त्रियांची आत्मकथने घेतली तरी त्यांतले दुःख आणि सोसणेच वाचले जाते. शांताबाईंचे पुस्तक वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे आहे. तो एका राजकीय कार्यकर्तीचा हिशेब आहे. संघटना कशी बांधली गेली, लढे कसे लढले गेले आणि कुठे काय बिनसले, हे आतल्या माणसाने सांगितलेले आहे. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आम्हीही इतिहास घडवला या पुस्तकात गोळा केला, त्यातही शांताबाईंची नोंद आहे. २००१ साली शांताबाईंचे निधन झाले.

आज त्यांचे नाव कशासाठी घ्यायचे?

थोर व्यक्तींची आठवण काढायची आपली एक पद्धत पडून गेली आहे. फोटो, हार, मेणबत्ती, दोन भाषणे, खीरदान. त्यात गैर काही नाही. पण शांताबाईंच्या बाबतीत तेवढ्यावर भागणार नाही, असे आम्हाला वाटते.

महिला आरक्षण आता स्थानिक संस्थांत पन्नास टक्के आहे. लोकसभेत आणि विधानसभेत ते लागू होईल तेव्हा अनुसूचित जातींच्या राखीव जागांतल्या एक तृतीयांश जागा त्या समाजांच्या स्त्रियांना मिळतील. म्हणजे जागा येणार आहेत. १९४२ साली नागपूरच्या मंडपातल्या बायकांनी जे मागितले, ते उशिरा का होईना दारात येऊन उभे आहे. प्रश्न एवढाच की त्या जागांवर बसणारी बाई कोठून येणार? ती कोणाच्या घरातून येणार, की कोणत्या कामातून येणार?

शांताबाई कोणाच्या पत्नी म्हणून राजकारणात आल्या नाहीत, कोणाच्या लेक म्हणूनही नाहीत. त्यांना दादासाहेबांचे मार्गदर्शन लाभले, आणि त्यांच्या हाती संघटनेचे खरे काम दिले गेले. यात शांताबाईंची थोरवी आहे तशी दादासाहेबांचीही आहे. तरुण बाईवर चिटणीसपदाची जबाबदारी टाकणे, तिला सभेत बोलू देणे, निर्णयात सामील करणे, हे त्या काळच्या पुरुष नेत्याने केले. आजच्या किती नेत्यांमध्ये ती हिंमत आहे?

चिकलठाण्यातच पाहिले तर अशा बाया कमी नाहीत. सकाळी सातला कंपनीच्या बसची वाट पाहत जालना रोडवर उभी असलेली, संध्याकाळी बचत गटाचा हिशेब लिहिणारी, पौर्णिमेला विहारात ग्रंथवाचन करणारी, रेशनकार्डासाठी शेजारणीला बरोबर घेऊन कचेरीत जाणारी. कंत्राटदाराने पगार कापला तर त्याच्या दारात पहिली उभी राहणारीही तीच. ही बाई शांताबाईंचेच काम करते आहे. फक्त तिला कोणी नेता म्हणत नाही आणि तीही स्वतःला तसे म्हणवून घेत नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. विहाराच्या, जयंतीच्या आणि पक्षाच्या समित्यांमध्ये पुढच्या वेळी चिटणीस, खजिनदार, अध्यक्ष ही पदे ठरतील तेव्हा महिला आघाडीचा कोपरा बाजूला ठेवावा आणि ही पदे त्यांच्या हाती द्यावीत. शिक्का, वही, बँकेचे पासबुक यांसकट द्यावीत. पाच वर्षे असे काम केलेली बाई निवडणुकीला उभी राहील, तेव्हा बॅनरवर तिच्या नावाखाली दुसऱ्या कोणाचा नंबर टाकावा लागणार नाही. आणि वसतिगृहात, अभ्यासिकेत येणाऱ्या मुलींच्या हातात शांताबाईंचे आत्मकथन द्यावे. ते वाचून त्यांपैकी एखादी गावाकडच्या गायरानाची फाईल उघडून बसली, तर ते शांताबाईंना कोणत्याही हारापेक्षा जास्त आवडले असते.

जयभीम. नमो बुद्धाय.